जिन्यामागची भिंत

नाटकात जिना होता, म्हणून मी जिना बांधला. सुरुवात एवढ्यावरच झाली.

ते नाटक भाऊजींच्या डोक्यात कितीतरी वर्षं घोळत होतं. अमेरिकेतल्या एका फार मोठ्या नाटककाराचं गाजलेलं नाटक. आमच्या गावात त्या नाटककाराचं नाव ऐकलेली माणसं एका बाकावर मावली असती, पण भाऊजींना त्याची पर्वा नव्हती. गावच्या नाट्यमंडळाचे ते दिग्दर्शक. दरवर्षी तीच ती हसवणारी नाटकं करून कंटाळले होते. त्यांनी स्वतः भाषांतर केलं, परवानगी मिळवली आणि मंडळाच्या कमिटीशी भांडभांड भांडून तारखा घेतल्या. हे नाटक पडलं असतं तर पुन्हा त्यांना कुणी उभं केलं नसतं, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

गोष्ट साधी होती. गिरणी बंद पडलेल्या एका गावातलं घर. त्यात नवरा, बायको आणि नवऱ्याचा धाकटा भाऊ. नवऱ्याची आई वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली. ती रंगमंचावर एकदाही दिसत नाही, तिच्या काठीचे ठोके तेवढे ऐकू येतात. ठोके पडले की सून हातातलं काम टाकून जिना चढते. दुसऱ्या अंकात ती अशीच वर गेलेली असताना खाली दोघं भाऊ घर विकायचं ठरवतात. मग ती खाली येते आणि तिसऱ्या अंकात, कुणाला काही न विचारता, आपली बॅग भरायला घेते.

सुनेचं काम ताईकडे होतं. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, भाऊजींची बायको. आमची आई लवकर गेली. मला वाढवलं ते ताईने. लग्नाआधी ती फार सुंदर काम करायची. मग शाळेतली नोकरी, घर आणि भाऊजींच्या वडिलांचं लांबलेलं आजारपण यात रंगमंच सुटला. सासरे गेल्या वर्षी वारले. "आता तरी तू काम कर," असं तिच्या मागे लागलो तो मीच.

मी एका बांधकाम कचेरीत नकाशे काढतो. मंडळाची नेपथ्यं हौसेने करतो. कागदावर न काढलेली वस्तू जमिनीवर उभी राहू शकत नाही, असं मानणारा माणूस आहे. आमच्या रंगमंचाला रुंदी भरपूर, पण खोली नाही. म्हणून जिना मागच्या भिंतीला चिकटवूनच बांधावा लागला. तो डावीकडून चढत जाऊन एका लहानशा दाराशी संपत होता. प्रेक्षकांना वाटावं, दारापलीकडे वरचा मजला आहे. प्रत्यक्षात पलीकडे एक माणूस जेमतेम उभा राहील एवढी फळी होती. फळीच्या कडेला उतरायला लोखंडी शिडी आणि पाठीशी नाट्यगृहाची विटांची भिंत, काळी रंगवलेली. त्या भिंतीपलीकडे गाड्या लावायची मोकळी जागा. ताईने दार उघडून आत यायचं, दार लोटून अंधारात थांबायचं आणि आपलं वाक्य आलं की परत बाहेर जायचं. बस्स.

ठोक्यांचं काम मावशींकडे होतं. मंडळातल्या सगळ्यात जुन्या नटी, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. गुडघ्यांमुळे त्यांना उभं राहणं जमत नसे. त्या फळीखाली स्टुलावर बसून एका लाकडी खोक्यावर काठी आपटायच्या.

"एवढं मोठं अमेरिकेतलं नाटक," त्या म्हणायच्या, "आणि माझ्या वाट्याला ठोकाठोकी. जाहिरातीत माझं नाव सुताराच्या खाली टाका."

जिन्यावरची पहिली तालीम संपली तेव्हा ताई मेकअपच्या खोलीत पाणी पीत होती. मला म्हणाली, "वर खुर्ची ठेवलीस ते बरं केलंस, सोन्या. उभं राहून पाय भरून आले असते."

मी खुर्ची ठेवली नव्हती. फळीवर खुर्ची मावलीच नसती. तिला शिडीचा कठडा म्हणायचं असेल, असं मी धरून चाललो आणि विसरलोही.

पुढच्या आठवड्यात तिने सांगितलं, वरची खिडकी नीट लागत नाही, गार वारा येतो. मी हसलो. तीही हसली, पण जरा वेळाने, मी हसलो म्हणून. तिचा हात हातात घेतला तर बर्फासारखा होता. बाहेर तेव्हा अंगाला चटके बसावेत असं ऊन होतं, आणि नाट्यगृहातले पंखे गरम हवाच फिरवत होते.

त्यानंतर मावशी तापाने पडल्या. निरोप मला उशिरा मिळाला. मी धावत नाट्यगृहात पोचलो तर दुसरा अंक संपत आलेला. भाऊजी खुशीत होते.

"मावशींना सांग, आजच्यासारखे ठोके रोज पाहिजेत," ते म्हणाले. "एकेक ठोका कसा, म्हाताऱ्या माणसाचा जीव ओतल्यासारखा."

"मावशी आल्या नाहीत आज."

"मग कुणी दिले?"

मी सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने दिले. दोघं भाऊ झालेले नट रंगमंचावर होते, दिवेवाला समोर केबिनमध्ये. फळीखाली स्टूल रिकामं होतं, खोकं कोपऱ्यात सरकवलेलं, आणि काठी मावशी घरी घेऊन गेल्या होत्या.

त्याच तालमीत ताईने एक नवीन वाक्य घेतलं होतं. जिना उतरता उतरता ती म्हणाली होती, "आज दोन घास खाल्ले त्यांनी." भाऊजींना ते फार आवडलं. त्यांनी संहितेत ते समासात लिहून घेतलं. मला मात्र ती ते ज्या सुरात म्हणाली असेल, तो सूर ऐकल्यासारखा आठवत राहिला. सासऱ्यांच्या खोलीतून बाहेर येऊन ती असंच सांगायची. ती तेव्हा अभिनय करत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तालमीआधी मी तिला घेऊन वर गेलो. दोघं त्या फळीवर अंग चोरून उभे राहिलो. मी बॅटरी लावली आणि भिंतीवर मूठ आपटली. रंगाचे पोपडे बुटांवर पडले.

"ही भिंत आहे, ताई. इथे दुसरं काहीही नाही."

तिने तळहात भिंतीवर टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"हो रे," ती म्हणाली. "आत्ता भिंतच आहे."

"आत्ता म्हणजे?"

तिने भिंतीवरचा हात काढून घेतला. मग वर्गातल्या मुलाला समजावतात तशी हळू बोलायला लागली. "पहिल्यांदा मला वाटलं, मला त्यांचं करायचंय. पाठ पुसायची, पाणी पाजायचं. सवयीचंच काम. पण आता तसं नाही. आता माझंच अंथरूण घातलेलं असतं, सोन्या. पांघरुणाची घडी मोडून ठेवलेली असते. कुणी काही विचारत नाही. कुणी हाक मारत नाही."

"आणि ठोके?"

"ते मी खाली असते तेव्हा," ती म्हणाली.

मी भाऊजींकडे गेलो. जिना काढून टाकू म्हणालो, दार खालीच करू, वाटलं तर सगळं नेपथ्य नव्याने बांधतो. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी त्यांच्या घराला काडी लावायला निघालो होतो.

"तुझ्या बहिणीने इतक्या वर्षांत असं काम केलेलं नाही. माणसं रडतात तालमीत. आणि तू जिना काढतोस?"

"ती आजारी आहे, भाऊजी."

"ती थकलीय. प्रयोग होऊ दे, दोघं कुठेतरी जाऊन येऊ." मग आवाज उतरवून म्हणाले, "माझं सगळं यावर आहे रे. पाया पडतो तुझ्या."

ते वाईट नव्हते. त्यांनी माझ्यापासून नजर चोरली, तेव्हा मला कळलं की त्यांनीही काहीतरी ऐकलं होतं.

मग मी मला जमेल ते केलं. पहिल्या प्रयोगाला ताईला फळीवर थांबू द्यायचं नाही, असं ठरवलं. ती दारातून आत आली की तिला लगेच शिडीने खाली घ्यायचं, मावशींजवळ बसवायचं आणि वेळ झाली की परत चढवायचं. ताईने मान हलवली. विरोध केला नाही, हेच मला खटकलं.

नाट्यगृह भरलं होतं. दुसऱ्या अंकात ताई वर आली, दार लोटलं, आणि मी तिचा हात धरून तिला खाली उतरवलं. आम्ही तिघं त्या अरुंद जागेत बसलो. मावशी स्टुलावर, ताई एका पेटीवर, मी तिच्यासमोर गुडघ्यावर, तिचे दोन्ही हात माझ्या हातात. पडद्यापलीकडे दोघं भाऊ घराच्या किमतीवरून घासाघीस करत होते. सून वर असतानाही, घराचा सौदा ठरताना म्हातारी एकदा काठी आपटते; त्या ठोक्यांची वेळ झाली. मावशींनी काठी उचलली.

ठोका पडला. डोक्यावर.

मावशींची काठी हवेतच होती. त्यांनी ती हळूच मांडीवर ठेवली. दुसरा ठोका पडला, तिसरा पडला. फळीच्या फटींतून बारीक धूळ आमच्या केसांवर उतरत होती. संहितेत थोडेच ठोके आहेत. हे थांबेनात. आधी सावकाश, मग घाईने, मग कुणीतरी वाट पाहून पाहून रडकुंडीला आल्यासारखे. रंगमंचावरचे नट वाक्य विसरले. ताईचे हात माझ्या हातातून सुटायला धडपडत होते. तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

"सोड," ती कुजबुजत होती. "सोड रे मला. बघ ना किती हाका मारतायत."

मी सोडलं नाही. तिची वेळ झाली तेव्हा तिला वर चढवलं. दार उघडून ती बाहेर गेली आणि ठोके बंद झाले. तिसऱ्या अंकात ताईला एक वाक्य धड बोलता आलं नाही.

प्रयोगानंतर मावशींनी काठी माझ्या हातात दिली. "मी आता समोर बसून नाटक बघेन," त्या म्हणाल्या. दारापर्यंत जाऊन मागे वळल्या. "तू तिला आणखी काही सांगू नकोस. ऐकायच्या पलीकडे गेलीय ती."

भाऊजी माझ्याशी बोलले नाहीत.

पुढचा प्रयोग रविवारी दुपारचा होता. मेकअपच्या खोलीत ताई आरशासमोर बसली होती. राखाडी झगा, मागे घट्ट बांधलेले केस. तिचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत दिसत होता. मी मागे उभा राहिलो तशी ती आरशातूनच माझ्याशी बोलली.

"आज मी वरच थांबते. त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही."

"मग मीही वर असेन."

"ये की," ती म्हणाली. "तुला जागा होईल का, ते मात्र माहीत नाही."

दुसरा अंक सुरू होण्याआधीच मी शिडी चढून फळीवर जाऊन उभा राहिलो. पाठ भिंतीला टेकवली. शर्टातून विटांचा खरखरीतपणा जाणवत होता. समोर दार, एका हाताच्या अंतरावर. हातात बॅटरी. खाली कुणीच नव्हतं. खोकं मी स्वतः बाहेर नेऊन ठेवलं होतं.

ठोके पडले. कुठून, ते मला सांगता येणार नाही. माझ्या पाठीला मात्र ते जाणवले.

ताईची पावलं जिन्यावर वाजली. दार उघडलं. रंगमंचावरचा पिवळा उजेड माझ्या तोंडावर आला, त्यात तिची आकृती दिसली. तिने आत पाऊल टाकलं, दार लोटलं.

अंधार.

त्या जागेत तिचा श्वास माझ्या गळ्यावर लागायला हवा होता. तिचे केस माझ्या हनुवटीला लागायला हवे होते.

मी हात पुढे केला. हात सरळ दाराला लागला.

तिची पावलं चालतच होती. समोरून आली आणि माझ्यातून जावीत तशी मागे गेली. माझी पाठ भिंतीला होती, आणि पावलं माझ्या पाठीमागे होती. लाकडी जमिनीवरची पावलं, घाई नसलेली. मग एक दार करकरलं. मग पलंगाच्या पट्ट्या, कुणीतरी टेकल्यावर वाजतात तशा.

मी वळून बॅटरी लावली. काळा रंग. विटा. माझ्या मुठीने पडलेल्या पोपड्यांच्या खुणा.

भिंतीला कान लावला. आत दोघीजणी बोलत होत्या. शब्द कळत नव्हते. एक ताई होती. दुसरी ऐकत होती, मधेच हुंकार देत होती.

रंगमंचावर धाकट्या भावाने ताईच्या प्रवेशाचं वाक्य घेतलं.

माझ्यामागे दार उघडलं.

मी वळलो. उजेडाच्या चौकटीत पाठमोरी बाई होती. राखाडी झगा, घट्ट बांधलेले केस, कडीवर हात. ती कुठून आली, ते मला दिसलं नाही. ती बाहेर गेली. जिना उतरू लागली.

"आज दोन घास खाल्ले त्यांनी," ती म्हणाली. ताईच्याच आवाजात.

दार हळूहळू मिटलं.

आणि भिंतीतून, अगदी जवळून, झोपेत बोलावं तसं ऐकू आलं, "सोन्या, दार लागलं का रे?"

मी दोन्ही मुठींनी भिंत बडवायला लागलो. ओरडलोही असेन. खाली सगळं नाट्यगृह श्वास रोखून ऐकत होतं. अंक संपल्यावर टाळ्यांचा जो कडकडाट झाला, तसा त्या नाट्यगृहात कधी झाला नव्हता. लोकांना वाटलं, म्हातारीच शेवटची हाक मारतेय.

तिसऱ्या अंकात तिने बॅग भरली आणि घर सोडून गेली. एक वाक्य चुकलं नाही. पडदा पडल्यावर भाऊजी तिच्या गळ्यात पडून रडले. माझ्या मुठींतून रक्त येत होतं, त्यावर तिनेच पट्टी बांधली. छान, घट्ट बांधली. बांधताना मला माझ्या पूर्ण नावाने हाक मारली.

नाटक चाललं. बाहेरगावी बोलावणी आली. तिथे दुसरा जिना होता, दुसरी भिंत, आणि काहीही झालं नाही. आमच्या नाट्यगृहातला जिना सुतारांनी मोडला तेव्हा मी उभा होतो. नंतर कमिटीला ओल आल्याचं खोटंच सांगून ती भिंत तोडून घेतली. एका विटेची जाडी, मग दुसरी वीट, मग ऊन आणि उभ्या केलेल्या गाड्या. भिंत मी परत बांधून दिली.

ताई बरी आहे. सगळे सांगतात. शाळेत जाते, स्वयंपाक करते, भाऊजींच्या विनोदांना हसते. थकत नाही. भाऊजी मला म्हणाले, "तू उगाच घाबरलास बघ." त्यांचं सुख पाहून मला पुढे बोलवेना. आणि बोलणार तरी काय? समोर बहीण बसलेली असताना ती नाहीये, असं सांगायचं?

पण माझ्याने राहवलं नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. भाऊजी खिडकीशी पेपर वाचत होते. तिने चहा आणून ठेवला, माझ्यासमोर बसली. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "ताई, लहानपणी मी एकदा हरवलो होतो, आठवतं? सगळी गल्ली शोधत होती. कुठे सापडलो होतो गं मी?"

याचं उत्तर आम्हा दोघांशिवाय कुणालाही माहीत नव्हतं. बाबांनाही नाही, भाऊजींनाही नाही.

ती माझ्याकडे पाहत राहिली. चेहऱ्यावर काही नव्हतं. मग प्रेमाने हसली.

"थांब हं," ती म्हणाली, "विचारून येते."

ती उठून आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. भाऊजींनी पेपरचं पान उलटलं. घरात आणखी कुणीही नव्हतं. माझ्या कपातल्या चहावर साय धरू लागली.

दार उघडलं. ती येऊन पहिल्या जागी बसली, झग्याची चुणी सारखी करावी तसा मांडीवरून हात फिरवला.

"तू हरवलाच नव्हतास म्हणे," ती म्हणाली. "पलंगाखाली झोपून गेला होतास. आणि मार बसू नये म्हणून दोघांनी ते कुणाला सांगितलं नाही."

तिने माझ्यापुढे कप सरकवला.

"आणि विचारलंय, वेळेवर जेवतोस ना?"